पाय किती वेळा टेकला? पुण्याच्या पथ विभागाला खुले पत्र

प्रति,
मुख्य अभियंता व सर्व अभियंते, पथ विभाग, पुणे महानगरपालिका
तसेच वाहतूक शाखा, पुणे पोलीस

विषय : सायकल मार्ग मोजण्याचे एकक बदलण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर हा बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव लेनचा, मार्ग सुरू झाला, तेव्हा त्याच्या कडेने सायकल ट्रॅकही आले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला आणि ८०० किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे कागदावर उतरले. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली आल्या, दोन-तीन वर्षांत गेल्याही. तेव्हा पुण्याला सायकलचे वावडे आहे, असे कुणी म्हणू नये. आराखडा आहे, खर्च झाला आहे, बऱ्याच रस्त्यांवर ट्रॅकही आहेत. तरीसुद्धा सकाळी साडेनऊला त्याच ट्रॅकच्या शेजारून, बस आणि रिक्षा यांच्या मधल्या फटीतून, सायकलवाला मुख्य रस्त्यानेच जाताना दिसतो. लोक त्याला बेशिस्त म्हणतात. त्याचे कारण अगदी साधे आहे : ट्रॅकवरून गेले की पाय फार वेळा जमिनीला टेकतो.

म्हणून या पत्रात मागणी एकच आहे. ट्रॅक किती किलोमीटर बांधला हे मोजणे थांबवा. एका किलोमीटरमध्ये चालवणाऱ्याचा पाय किती वेळा टेकला, हे मोजा आणि ठेकेदाराचे बिल त्या आकड्यावर काढा. बाकीचे सारे पत्र म्हणजे पाय कुठे टेकतो, का टेकतो आणि तो टेकू नये म्हणून काय करायचे याचा तपशील आहे.

आधी हिशेब. साधी काळी सायकल वीस किलोची, वर पासष्ट किलोचा माणूस. ताशी १५ किलोमीटरच्या वेगातून तो पूर्ण थांबला आणि पुन्हा त्या वेगाला आला, की पायांतून सुमारे ७४० ज्यूल जातात. सपाट डांबरावर त्या वेगाला घर्षण आणि वारा मिळून साधारण १५ न्यूटन जोर लावून सायकलला रोखतात. भागाकार करा : एक थांबा म्हणजे ५० मीटर जादा चाल. किलोमीटरभरात वीस वेळा थांबावे लागले तर एकाच्या जागी दोन किलोमीटरची मेहनत झाली. कॅरिअरवर पीठ-डाळ असेल किंवा मागे पोर बसले असेल तर आणखी वाढ. मोटारीला थांबण्याची किंमत पेट्रोलमध्ये पडते, ती महिनाअखेरीला कळते. सायकलवाल्याला ती गुडघ्यात पडते आणि पहिल्याच दिवशी कळते. दुसऱ्या दिवशी तो ट्रॅकवर येत नाही.

पाय टेकायला लावणारी सगळ्यात नेहमीची गोष्ट म्हणजे पायरी. ट्रॅक फूटपाथच्या उंचीला, जमिनीपासून १५० मिलिमीटरवर बांधतात. मग प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी, पेट्रोल पंपाशी, गल्लीच्या तोंडाशी तो खाली उतरवतात आणि पलीकडे पुन्हा चढवतात. शंभर मीटरमध्ये तीन फाटके असली की ट्रॅक राहत नाही, उंटाची पाठ होते. उतार संपतो तिथे कर्बस्टोनची, म्हणजे काठाच्या दगडाची, वीस-तीस मिलिमीटरची कड हमखास उरते, कारण कर्ब बसवणारा गट आणि डांबर टाकणारा गट वेगवेगळे असतात आणि दोघांच्या मधला सांधा कुणाच्याच कामात धरलेला नसतो. सरळ आलेल्या चाकाला ती कड दणका देते, रिमला पोचा पडतो, ट्यूब दोन ठिकाणी चिमटून साप चावल्यासारखी जोडभोके पडतात. तिरक्या आलेल्या चाकाला मात्र दहा मिलिमीटरची कडही पुरते. चाक कडेने घसरत जाते आणि माणूस थेट मुख्य रस्त्याच्या बाजूला पडतो.

याचा उपाय उलटा आहे. ट्रॅक खाली न्यायचाच नाही. फाटकापाशी ट्रॅक आणि फूटपाथ आपल्या उंचीला सलग ठेवायचे आणि मोटारीने वर चढायचे. त्यासाठी रस्त्याच्या बाजूला ९० सेंटिमीटर रुंदीचा उतरता पट्टा पुरतो. मोटारीचा वेग आपोआप कमी होतो, गतिरोधकाचा वेगळा खर्च वाचतो. पावसाचे पाणी तुंबेल ही शंका रास्त आहे. म्हणून चढावाच्या आधी, पाणी ज्या बाजूने येते तिकडे, एक जाळीचे चेंबर घ्यावे लागते. गल्ल्यांच्या तोंडाशीही हेच. आणि जिथे सायकलला खाली उतरणे अटळच आहे तिथे सांध्याची उंची शून्य हवी. ‘जवळजवळ शून्य’ असे मोजमाप पुस्तकात नोंदवू नये.

ट्रॅकच्या कर्बबद्दल एक बारकावा. ट्रॅक आणि फूटपाथ यांच्यामध्ये उभी, धारदार कड ठेवली तर पायडल आपटेल या भीतीने माणूस कडेपासून फूटभर आत चालवतो. दोन मीटरचा ट्रॅक वापरात दीड मीटरचा उरतो. कड ५० ते ६० मिलिमीटर उंच आणि ४५ अंशांत तासलेली ठेवा. पैसे तेवढेच लागतात, रुंदी फुकट मिळते.

रुंदीचे गणित हँडलपासून सुरू होते. हँडल ६० ते ६५ सेंटिमीटर, त्यात कमी वेगात सायकल डावी-उजवीकडे झोलते तेवढी जागा धरली की एका माणसाला एक मीटर. पुढच्या संथ सायकलला मागच्याने ओलांडायचे तर दोन मीटर. दुतर्फा ट्रॅक असेल तर तीन. जागा नसल्यावर १.२ मीटरचा ट्रॅक काढण्याचा मोह होतो. तो काढू नये. त्याऐवजी मुख्य रस्त्याची डावी लेन अरुंद करून वाहनांचा वेग ताशी ३० वर आणावा आणि सायकलला त्याच लेनमध्ये राहू द्यावे. भारतीय रस्ते काँग्रेसची सायकल ट्रॅकसाठी वेगळी संहिता आहे, आयआरसी ११. ती २०१५ मध्ये सुधारली. ती तुमच्या कपाटात असणारच.

आता बोलार्ड. या विषयावर पुण्यात मतभेद फार. ट्रॅकवर स्कूटर घुसतात म्हणून तोंडाशी खांब ठोकतात. तरीही घुसतात, म्हणून आणखी एक खांब. शेवटी अशी वेळ येते की सायकलच जात नाही आणि स्कूटर मात्र फूटपाथवरून वळसा घालून पुढे निघून जाते. सायकल आत येईल पण स्कूटर येणार नाही, अशी फट अस्तित्वातच नाही. स्कूटरचे हँडल सायकलपेक्षा फार तर दहा सेंटिमीटरने रुंद असते, आणि व्हीलचेअरला किंवा अपंगांच्या तीनचाकीला लागणारी ९० सेंटिमीटरची जागा ठेवली की स्कूटर आरामात जाते. तेव्हा बोलार्डने फक्त मोटार आणि रिक्षा अडवायची, एवढीच अपेक्षा ठेवा. दोन खांबांमधली मोकळी जागा १.२ मीटर, खांबाची उंची किमान ७५ सेंटिमीटर, वर परावर्तक पट्टी, आणि वळणावर किंवा उताराच्या तळाशी खांब नको. ग्रॅनाइटचा गोळा नको. गुडघ्याएवढा गोळा रात्री दिसत नाही. दोन खांबांना जोडणारी साखळी तर मुळीच नको. अंधारात ती बरोबर पुढच्या चाकाच्या वर, फोर्कला लागते.

मग स्कूटरचे काय? स्कूटर ट्रॅकवर का येते, ते उभे राहून पाहा. बहुतेक वेळा ती उलट्या दिशेने येते. दुभाजकातली फट सहाशे-सातशे मीटरवर, वळसा घालायला दोन सिग्नल, आणि घर शंभर मीटरवर. अशा ठिकाणी कितीही दंड केला तरी रोज तेच होणार. तिथे दुभाजकात दुचाकी आणि पादचाऱ्यांपुरती सुरक्षित फट देणे हा सायकल ट्रॅक मोकळा ठेवण्याचा उपाय आहे. पथ विभागाच्या नकाशात तो ट्रॅकच्या कामात धरलेला नसतो, ही खरी अडचण. उरलेल्या सरळ घुसखोरांसाठी वाहतूक शाखा आहे. पण आधी रस्त्याने माणसाला वाकडे वागायला लावायचे आणि मग पावती फाडायची, हे बरे नाही.

पृष्ठभागाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे खर्च करूनही काम फसते. पेव्हर ब्लॉक दिसायला छान. पण प्रत्येक ब्लॉकची कड तासलेली असते, म्हणून दर वीस सेंटिमीटरला चाकाला एक हादरा बसतो. खाली वाळूचा थर असतो, तो दोन पावसाळ्यांत वाहून जातो, ब्लॉक खचतात, झाडाखाली शेवाळ धरते. केबलसाठी खोदाई झाली की ब्लॉक पुन्हा बसवताना खालची माती कुणी दाबत नाही. डांबरी ट्रॅक चालवायला सगळ्यात हलका, पण दोन मीटरच्या पट्ट्यात मोठा रोलर मावत नाही, म्हणून ठेकेदार डांबर पाट्याने ओढून प्लेट कॉम्पॅक्टरने थापटतो आणि महिन्याभरात लाटा पडतात. निविदेतच एक ते दीड टनांचा छोटा रोलर लिहा. काँक्रीट करायचे असेल तर १०० ते १५० मिलिमीटर जाडी, दर तीन-चार मीटरला कापलेला सांधा, आणि वरचा झाडू मारलेला खरखरीतपणा चालण्याच्या दिशेला आडवा. उभा झाडू मारला तर चाक त्या रेषांत ओढले जाते.

रंगाबद्दल : हिरवा किंवा लाल गुळगुळीत रंग पहिल्या पावसात साबणासारखा होतो. आधीच रस्त्यावर तेलाचा थर असतो, त्यात हा. पूर्ण ट्रॅक रंगवू नका. फक्त चौकात आणि फाटकापाशी रंगवा, जिथे मोटारवाल्याला दिसायला हवा, आणि त्यात खरखरीत कच मिसळा. थर्मोप्लास्टिकचे पांढरे पट्टे वळणावर टाळा.

ड्रेनेजची झाकणे आणि जाळ्या हा आमचा जुना शत्रू. रस्त्यावर थर चढवला की झाकण खाली राहते. पाच थरांनंतर तिथे ताट ठेवायला खड्डा तयार होतो. आधी जुना थर खरवडायचा, मग नवा टाकायचा, आणि चौकट उचलून पातळीला आणायची, हे काम थर टाकण्याच्याच बाबीत धरा. जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या असतील तर फट २० मिलिमीटरपेक्षा कमी. रेसिंग सायकलचा टायर २३ ते २८ मिलिमीटरचा असतो. तो फटीत गेला की चाक जागीच थांबते आणि माणूस पुढे जातो. शहरात अशा किती जाळ्या उलट्या बसल्या आहेत, ते एका पावसाळी कामगार गटाला खडू देऊन दोन आठवड्यांत मोजता येईल. बऱ्याच जाळ्या नुसत्या ९० अंशांत फिरवल्या तरी पुरे.

चौकापाशी ट्रॅक संपतो. जिथे त्याची खरी गरज सुरू होते, नेमका तिथेच. याचे एक कारण मोजमापात आहे. पेव्हर चौरस मीटरवर, कर्ब रनिंग मीटरवर मोजतात. सरळ पट्टा भराभर वाढतो, बिल निघते. चौकात काम किचकट, मीटर कमी, सिग्नलचा खांब, विजेची डीपी, टपरी आणि फलक हलवावे लागतात. ठेकेदाराने चौक सोडला तर त्याचे नुकसान काहीच नाही. म्हणून चौकाची वेगळी बाब काढा, ‘प्रति चौक’ दराने, आणि दोन सलग चौक पूर्ण झाल्याशिवाय त्यांच्या मधल्या पट्ट्याचे बिल देऊ नका. या पत्रातली एकच सूचना मान्य होणार असेल तर ही व्हावी.

चौकात दोन गोष्टी मारतात. पहिली, डावे वळण. आपण डावीकडून चालतो, सायकल डाव्या कडेला, आणि तिला कापत डावीकडे वळणारा ट्रक किंवा बस. चालकाला डाव्या दाराखालचे काही दिसत नाही. ‘फ्री लेफ्ट’ साठी कोपरा १५ मीटरच्या त्रिज्येने गोल केला की मोटार तीसच्या वेगाने वळते. त्रिज्या पाच-सहा मीटरवर आणली की वेग पंधरावर येतो. पीएमपीच्या बारा मीटरच्या बसला एवढ्यात वळता येणार नाही, हे बरोबर आहे. त्यासाठी कोपऱ्यावर खडबडीत दगडांचा, किंचित उंच पट्टा ठेवतात. बसचे मागचे चाक त्यावरून जाते, मोटारवाला मात्र टाळतो.

दुसरी गोष्ट सिग्नलच्या सेकंदांत दडलेली आहे. चौक ३५ मीटर रुंद धरा. हिरवा संपता संपता आत शिरलेली सायकल सेकंदाला चार मीटर जाते, म्हणजे तिला नऊ सेकंद लागतात. पिवळा तीन आणि सगळीकडे लाल दोन, असे पाच सेकंद मिळतात. उरलेले चार सेकंद, म्हणजे शेवटचे सोळा मीटर, ती बाजूच्या सुटलेल्या गाड्यांसमोर असते. आणि सेकंद मोजणारा आकडा दिसत असल्यामुळे आपल्याकडे गाड्या ‘३’ वरच सुटतात. सगळीकडे लाल राहण्याचा काळ दोन सेकंदांनी वाढवा, चौकाची रुंदी बेटे काढून कमी करा, थांबण्याच्या रेषेच्या पुढे चार-पाच मीटरची चौकट सायकलींसाठी आखा आणि त्यांना पाच सेकंद आधी सोडा. सायकल आधी निघाली की ती मागच्यांना दिसते, आणि डावीकडे वळणाऱ्यालाही तिच्या मागे थांबावे लागते.

बसथांब्यापाशी ट्रॅक शेडच्या मागून, दोन मीटर रुंदीने काढा. पुढून काढला तर बस, प्रवासी आणि सायकल एकाच जागी भिडतात. उभ्या मोटारींच्या शेजारून ट्रॅक जात असेल तर मध्ये ७५ सेंटिमीटर मोकळे सोडा. दार उघडण्याची ती जागा आहे. उड्डाणपुलावर सायकलला बंदीचा फलक लावण्याआधी खालून सलग वाट आहे का, ते पाहा. आणि गणपतीच्या मांडवासाठी ट्रॅकमध्ये खोदलेले खड्डे विसर्जनानंतर कोण बुजवणार, हे परवान्यावरच लिहा. बाप्पाला त्याचा राग येणार नाही.

पेठांमध्ये ट्रॅक होणार नाही. होऊ नये. तिथे दुसरे काम आहे आणि ते जवळजवळ फुकट आहे. एकेरी रस्त्यामुळे सायकलवाल्याला तीन गल्ल्यांचा वळसा पडतो. मोटारीला तो वळसा दोन मिनिटांचा. सायकलला तीनशे मीटर आणि सहा वेळा पाय टेकणे. वाहतूक शाखेच्या अधिसूचनेत ‘सायकली वगळून’ हे दोन शब्द घाला, एकेरीच्या फलकाखाली तसा छोटा फलक लावा, आणि समोरून येणाऱ्या सायकलसाठी तिच्या डाव्या कडेला दीड मीटरचा पट्टा आखा. त्या पट्ट्यात मोटार उभी राहू न देणे हे अवघड काम आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने यंत्राशिवाय चालणाऱ्या वाहनांसाठी आणि पादचाऱ्यांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्याला मिळालेला आहे. त्याच दुरुस्तीतले कलम १९८ अ रस्त्याच्या सदोष आखणीमुळे आणि देखभालीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला आणि सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड सांगते. धमकी म्हणून लिहिलेले नाही. निविदेच्या अटींत हे कलम छापले तर ठेकेदार कर्बची कड जरा जपून बसवेल, एवढेच.

सायकल लावायची कुठे? पुढचे चाक अडकवायचे घडीचे स्टँड बसवू नका. त्यात सायकल कलली की रिम वाकते, आणि कुलूप फक्त चाकाला लागते. चोर चाक तिथेच ठेवून बाकीची सायकल नेतो. उलट्या ‘यू’ आकाराचा ५० मिलिमीटर व्यासाचा पाइप, उंची ७५ ते ८०, रुंदी ७५ सेंटिमीटर, जमिनीत ३० सेंटिमीटर काँक्रीटमध्ये. अशा दोन पाइपांत एक मीटर अंतर आणि भिंतीपासून ६० सेंटिमीटर. एका पाइपाला दोन सायकली, फ्रेमला कुलूप. एका मोटारीच्या पाच मीटर लांब जागेत पाच पाइप, म्हणजे दहा सायकली. मेट्रो स्थानकाच्या, मंडईच्या, शाळेच्या दाराजवळ, जिथे रखवालदाराची नजर जाते तिथे. इमारतीच्या मागे जनरेटरशेजारी ठेवले तर ते सहा महिन्यांत भंगार ठेवायची जागा होते. जिन्याच्या कडेने चाक ढकलायची एक पन्हळ केली तर मेट्रो स्थानकावर सायकल खांद्यावर उचलावी लागणार नाही.

प्रदूषणाबद्दल सगळे बोलतात, म्हणून थोडक्यात. सायकलने सहज होण्यासारखी फेरी तीन-चार किलोमीटरची असते, आणि मोटारीची सर्वांत घाणेरडी फेरीही तीच. धुरनळीतला उत्प्रेरक साधारण २५० ते ३०० अंशांना तापेपर्यंत नीट काम करत नाही. तापतो तोवर माणूस भाजी घेऊन घरी आलेला असतो. दुसरे, सायकलवाला जोरात श्वास घेतो, तोही बसच्या धुरनळीच्या मागे. ट्रॅक मुख्य रस्त्यापासून झाडांच्या रांगेइतका आत गेला तर त्याच्या नाकात जाणारे प्रमाण उतरते. कडेची उघडी माती बंद केली तर धूळही.

सायकली मोजताना वेळेकडे लक्ष द्या. सर्वेक्षण दहा ते सहा या वेळेत केले तर पुण्यात सायकलच नाही असा निष्कर्ष निघतो. पेपर आणि दूध टाकणारे साडेपाचला निघतात, गवंडी आणि वॉचमन सातच्या आधी, घरकामाला जाणाऱ्या बायका सातला, क्लासची मुले सहाला आणि पुन्हा रात्री नऊला. मोजणी पहाटे पाच ते रात्री दहा अशी हवी. आणि हे लोक हेल्मेट, जर्सी घालत नाहीत म्हणून सर्वेक्षकाच्या डोळ्याला सायकलस्वार वाटत नाहीत. ३ जूनला, जागतिक सायकल दिनी, रॅलीत टी-शर्ट घालून येणाऱ्यांची गणती वेगळी ठेवावी. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या, ताशी २५ च्या आत चालणाऱ्या हलक्या ई-सायकली ट्रॅकवर चालाव्यात. चढावर त्या वयस्कर माणसाला मोठा आधार आहेत. त्याहून दांडग्या विजेच्या स्कूटर नकोत.

‘आपल्याकडे ऊन फार’ हे उत्तर आम्ही ऐकले आहे. स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे २००६ ते २०१० या काळात सुमारे १२० किलोमीटरचे जाळे, बरेचसे मोटारी लावायची जागा घेऊन, एकाच दमात आणि तुटक न ठेवता बांधले. त्याआधी तिथे सायकली नावापुरत्या होत्या, नंतर रस्तोरस्ती दिसू लागल्या. लांबीपेक्षा त्यांचे सलगपण महत्त्वाचे होते.

एक रस्ता निवडून सुरुवात करायची तर सातारा रस्ता घ्या, स्वारगेट ते कात्रज. सुमारे सहा किलोमीटर. वाटेत शाळा, महाविद्यालये, बसस्थानक, सगळे आहे. चढ आहे, पण हलका. कात्रजच्या तलावाचे पाणी पेशव्यांनी नळातून शनिवारवाड्यापर्यंत नुसत्या उतारावर आणले होते, तेव्हा हा उतार शहराने अडीचशे वर्षांपूर्वीच तपासून ठेवला आहे. सकाळी शहराकडे येताना सायकल जवळजवळ आपोआप येते. संध्याकाळचा चढ मेहनतीचा, म्हणून परतीच्या बाजूला पाय न टेकणे आणखी महत्त्वाचे : चढावर थांबलेली भारलेली सायकल पुन्हा सुरू करताना उतरूनच ढकलावी लागते.

चाचणी अशी करा. बिनगिअरची काळी सायकल, कॅरिअरवर १५ किलोचे पोते, चालवणारा व्यायामपटू नसलेला. मागे दुसऱ्या सायकलवर वही घेतलेला कनिष्ठ अभियंता. दोन्ही दिशांना, एकदा सकाळी नऊला, एकदा रात्री आठला, एकदा पावसात. प्रत्येक वेळी पाय टेकला की एक गुण, आणि वहीत जागा आणि कारण : पायरी, अडथळा, पृष्ठभाग, की चौक. उतरून ढकलावे लागले तर तीन गुण, ट्रॅक सोडून मुख्य रस्त्यावर यावे लागले तर पाच. लाल सिग्नलवर टेकलेला पाय वेगळ्या रकान्यात, तो तुमचा दोष नाही. सिग्नल सोडून किलोमीटरला दोनच्या वर गुण आले तर काम अपुरे धरायचे आणि दोषदायित्वाच्या काळात, म्हणजे कामातले दोष ठेकेदारावर असतात त्या मुदतीत, ठेकेदाराने ते फुकट दुरुस्त करायचे. दर सहा महिन्यांनी, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, तीच चाचणी पुन्हा, आणि वहीची पाने महापालिकेच्या संकेतस्थळावर.

पहिल्या चाचणीला कुठल्याही कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला स्वारगेटपाशी या. सायकली, पोती आणि पंपाची सोय आम्ही करतो. आपली उंची तेवढी आधी कळवा, सीट त्याप्रमाणे लावून ठेवू.

आपले,
पुण्यातले रोज सायकल चालवणारे आणि दुरुस्त करणारे